जुनी पेट्रोल पिकअप चढावर दम का टाकते? कार्बोरेटरला हात लावण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप आहे आणि तिच्यात मूळचे चार सिलिंडरचे हरिकेन पेट्रोल इंजिन आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्येही ओढत नाही, ॲक्सिलरेटर एकदम दाबला की क्षणभर गुदमरते, आणि उन्हात दहा मिनिटे उभी केली की सुरू होताना फार छळते. कार्बोरेटर दोनदा धुऊन झाला, किटही बदलून झाले, आणि आता गॅरेजवाले नवा कार्बोरेटर बसवा असे सांगत आहेत. तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे, की इतक्यात घेऊ नये. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे कार्बोरेटरमुळे उद्भवू शकतात हे खरे. पण त्यांतल्या प्रत्येक लक्षणाला कार्बोरेटरबाहेरची कारणेही आहेत आणि या इंजिनात ती अधिक वेळा आढळतात. शिवाय इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) आणि करंट (प्लगची ठिणगी) ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय कार्बोरेटर कितीही चांगला असला तरी तो नीट लावता येत नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी कॉम्प्रेशन, मग इग्निशन, मग हवेची गळती, मग पेट्रोलचा पुरवठा आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण कार्बोरेटर वर दिसतो, चार नटांत निघतो आणि धुतल्यावर काही काम केल्यासारखे वाटते.

इंजिनाकडे वळण्यापूर्वी दोनतीन साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये दोन माणसांनी सहज ढकलली जाते का? पाचसात किलोमीटर चालवून थांबल्यावर एखादा ब्रेक ड्रम इतरांपेक्षा जास्त तापलेला आहे का? चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर दोष क्लचचा आहे. त्यानंतर इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकवावे. आतील थ्रॉटलची पाकळी, म्हणजे बटरफ्लाय, पूर्ण उभी राहिली पाहिजे. एफसीमध्ये पेडल इंजिनाच्या पुढे असते, त्यामुळे पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या दांड्या आणि सांधे झिजले की पेडल तळाला टेकूनही बटरफ्लाय पाऊणच उघडते, आणि अशा गाडीचे इंजिन निष्कारण उतरवले गेल्याचे मी पाहिले आहे. त्याच वेळी चोकची पाकळीही पूर्ण उघडी आहे ना, हे पाहावे. चोकची केबल गंजून अर्ध्यावर अडकणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आता इंजिनाविषयी. अमेरिकेच्या विलिस कंपनीने १९५० मध्ये बाजारात आणलेले हे २१९९ सीसीचे इंजिन एफ-हेड जातीचे आहे, म्हणजे इनटेक (मिश्रण आत घेणारे) व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी याची रचना आहे. ती लक्षात घेतल्याशिवाय या गाडीचे निदान होत नाही, असे मी म्हणेन. वरचे रॉकर कव्हर उघडले की इनटेकचे टॅपेट (जिथे व्हॉल्व्हचा गॅप लावतात ते भाग) समोर दिसतात आणि कुणीही ते लावून देतो. एक्झॉस्टचे टॅपेट मात्र ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे, गरम मॅनिफोल्डच्या सान्निध्यात आहेत; ते झाकण काढायचे, नवे पॅकिंग घालायचे, अडचणीच्या जागी दोन पाने चालवायचे, हा सारा कंटाळवाणा खटाटोप आहे. परिणामी ‘टॅपेट सेटिंग केले’ असे बिलावर लिहिलेले असते आणि एक्झॉस्टच्या टॅपेटना वर्षानुवर्षे कुणी हात लावलेला नसतो. व्हॉल्व्ह आणि सीट झिजत जातात तसा तिथला गॅप कमी होत जातो, आणि गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. पेटलेला वायू त्या फटीतून निसटतो, व्हॉल्व्हची कड जळते आणि सिलिंडर हळूहळू निकामी होतो. या साऱ्या काळात इंजिन खडखडत नाही, उलट अधिक शांत चालते, आणि मालकाला ते सुलक्षण वाटते.

म्हणून पहिले काम कॉम्प्रेशन मोजण्याचे. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, कॉइलची मुख्य वायर सोडवून ठेवावी, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि चांगल्या बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच फेरे द्यावेत. मूळ ६.९ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनाला साधारण १२० ते १३० पीएसआय अपेक्षित असते. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे हवेचा दाब सहासाडेसहा टक्के कमी असतो, तेव्हा तेच निरोगी इंजिन ११२ ते १२२ दाखवील आणि त्यात घाबरण्याचे कारण नाही. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो. तो दहा पीएसआयच्या आत असावा. एखादा सिलिंडर मागे पडत असेल तर प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडून, ते पसरावे म्हणून दोनचार फेरे फिरवून, पुन्हा मोजावे. आकडा स्पष्ट वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता जास्त.

कॉम्प्रेशन कमी निघो वा न निघो, एक्झॉस्टचे टॅपेट एकदा फिलर गेजने तपासाच. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. एक्झॉस्टला ०.०१६ इंच, म्हणजे ०.४१ मिलिमीटर, आणि इनटेकला ०.०१८ इंच, म्हणजे ०.४६ मिलिमीटर गॅप ठेवावा. गॅप शून्य झालेला आढळला तर तो लावून थोडे दिवस गाडी चालवावी आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे. व्हॉल्व्हची कड जळण्याआधी दोष सापडला असेल तर केवळ एवढ्यानेही इंजिन सावरते. जळली असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंड करण्याला पर्याय नाही, आणि ते काम होईपर्यंत कार्बोरेटरवर एक रुपयाही खर्च करू नये.

इग्निशनमध्ये आधी डिस्ट्रीब्युटरमधले पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क. गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसत असेल तर कंडेन्सर बदलावा. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, बदलते, म्हणून आधी पॉइंट आणि मग टायमिंग, हा क्रम चुकवू नये. टायमिंग आयडलिंगला पाच अंश ॲडव्हान्स (ठिणगी तेवढी आधी), फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि प्लगचा गॅप ०.०३० इंच. इथपर्यंतचे काम बहुतेक सर्व जण करतात. राहून जाते ते ॲडव्हान्सचे. डिस्ट्रीब्युटरच्या पोटात, पॉइंटच्या प्लेटखाली, दोन छोटी वजने आणि त्यांच्या स्प्रिंग असतात. इंजिनाचा वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. वर्षानुवर्षे तेलाचा थेंब न मिळाल्याने ती गंजून जागच्या जागी बसतात. मग आयडलिंगला टायमिंग अचूक असते, गाडी उभी असताना काही दोष दिसत नाही, आणि रस्त्यावर मात्र ठिणगी उशिरा पडत राहते. त्याने ताकद जाते, सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड जास्त तापतात आणि रेडिएटरचे पाणीही चढते. आपण लिहिलेले चढावरचे लक्षण वाचून मला एक्झॉस्ट टॅपेटच्या खालोखाल याचाच संशय येतो.

याची तपासणी सोपी आहे. डिस्ट्रीब्युटरची टोपी काढून रोटर बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने हलकेच वळवावा. तो थोडा वळला पाहिजे आणि सोडताच स्प्रिंगने मागे आला पाहिजे. वळत नसेल किंवा वळून तिथेच राहत असेल तर वजने अडकली आहेत किंवा स्प्रिंग तुटली आहे. टायमिंग लाइट असेल तर इंजिनाचा वेग वाढवत नेताना पुलीवरची खूण सलग सरकताना दिसली पाहिजे. त्याच वेळी खूण एका जागी न ठरता पुढेमागे नाचत असेल तर डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये सैल झाला आहे. अशा डिस्ट्रीब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप प्रत्येक फेऱ्यात वेगळा पडतो आणि कितीही वेळा टायमिंग लावले तरी ते टिकत नाही. चांगला लेथवाला नवे ब्राँझचे बुश घालून देतो आणि तो खर्च वसूल होतो.

हवेच्या गळतीच्या बाबतीत हे इंजिन मालकाला अनुकूल आहे. इनटेकचा मार्ग हेडच्याच ओतकामात असल्याने इनटेक मॅनिफोल्डचे वेगळे गॅस्केट नाही, आणि त्यामुळे गळण्याच्या जागा मोजक्याच उरतात: कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग, थ्रॉटलचा झिजलेला स्पिंडल, क्रँककेसची वाफ ओढणारा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप, आणि व्हॅक्यूमवर चालणारा वायपर किंवा ब्रेक बूस्टर असल्यास त्याची नळी. क्रँककेसचा तो व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला की आयडलिंगला मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते, आणि लोक स्क्रू फिरवून थकतात. त्या पाइपला क्षणभर चिमटा लावून आयडलिंग एकदम सुधारले तर दोष तिथे आहे. गळती शोधण्यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारण्याची पद्धत सर्रास दिसते. एफसीमध्ये इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांमधल्या पेटीखाली असते, लागूनच तापलेला एक्झॉस्ट असतो, आणि भडका उडाला तर तो माणसाच्या मांडीशी उडतो. साध्या पाण्याचा बारीक फवारा किंवा ब्रशने लावलेले इंजिन ऑइल तेच काम करते: गळतीच्या जागी ते लागताच इंजिनाचा सूर बदलतो.

इनटेकमधली पोकळी पाऱ्याच्या इंचांत मोजणारा व्हॅक्यूम गेज मिळाला तर जरूर लावावा. समुद्रसपाटीला आयडलिंगवर १७ ते २१ इंचांवर स्थिर काटा हे निरोगीपणाचे लक्षण. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा धरावा, म्हणजे पुण्यात दोन आणि महाबळेश्वरला चार इंच कमी येतील. काटा ठरावीक तालाने खाली झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग उशिराचे आहे किंवा हवा गळते आहे. इंजिन दोन हजार आरपीएमवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर आतून कोसळून तुंबला असावा. जुन्या, वारंवार वेल्डिंग केलेल्या सायलेन्सरमध्ये हे बाहेरून अजिबात दिसत नाही.

पेट्रोलचा पुरवठा तपासताना टाकीच्या झाकणापासून सुरुवात करावी. झाकणाचे श्वासछिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि काही किलोमीटरनंतर गाडी उपाशी पडते. अशा वेळी झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा स्पष्ट आवाज येतो. टाकी ते एसी पंप (इंजिनावरचा पेट्रोलचा यांत्रिक पंप) या भागातल्या रबरी नळीला तडा असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून ती नळी केवळ नजरेने पाहून निर्दोष ठरवू नये. पंपाचा दाब अडीच ते पावणेचार पीएसआयच्या दरम्यान असावा. जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवल्यास फ्लोटची सुई तो दाब रोखू शकत नाही, कार्बोरेटर ओसंडतो आणि दोष वाढतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते आहे. तशा स्थितीत इंजिन चालवले तर बेअरिंग जातील.

सध्याच्या पेट्रोलविषयीही सांगणे आवश्यक आहे. पेट्रोल पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे जुन्या काळी ठरवलेला जेट (पेट्रोल सोडणारे मापाचे बारीक छिद्र) आज मिश्रण थोडे पातळच देतो. जुने रबर आणि पंपाचे पडदे इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात, टाकीच्या तळाशी साचलेला जुना चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यास इथेनॉलने ओढलेले पाणी तळाशी वेगळे होते. ऑक्टेनची चिंता मात्र या इंजिनाने करू नये. इतक्या कमी कॉम्प्रेशनला महागडे प्रीमियम पेट्रोल घालून काहीच साधत नाही.

गरम झाल्यावर सुरू न होण्याचे लक्षण वेगळे हाताळावे. पेटीखाली हवा खेळत नाही. इंजिन बंद केल्यावर पंखाही थांबतो आणि पुढच्या दहापंधरा मिनिटांत पंप, नळी आणि फ्लोट चेंबर उलट अधिक तापतात. पेट्रोल उकळून एक तर नळीत वाफ अडकते, किंवा फ्लोट चेंबरमधले पेट्रोल इनटेकमध्ये सांडून मिश्रण दाट होते. पण तापलेला कंडेन्सर किंवा कॉइलही नेमके असेच वागतात. म्हणून गाडी सुरू होत नाही त्याच क्षणी, थंड व्हायची वाट न पाहता, दोन गोष्टी पाहाव्यात: कॉइलच्या वायरला निळी, जोरकस ठिणगी येते का, आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटल उघडल्यास पेट्रोलची चिळकांडी उडते का. ही दोन निरीक्षणे एकामागून एक करावीत, ठिणगी पाहताना कार्बोरेटर उघडा ठेवू नये. ठिणगी पिवळट आणि मरतुकडी असेल तर आधी कंडेन्सर, मग कॉइल. ठिणगी चांगली पण चिळकांडी नाही, तर वाफ अडकली आहे. पंपावर ओले फडके ठेवल्याने गाडी सुरू झाली की खात्री पटते. दोन्ही आहेत आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो, तर इंजिन बुडाले आहे. पेडल तळाशी दाबून धरून, पुन्हापुन्हा न दाबता, स्टार्टर मारावा. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर वळवणे, कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड पॅकिंग आणि मधे पत्र्याचा आडोसा.

हे सारे ठीक निघाले, तरच कार्बोरेटर. या वयाच्या गाड्यांवर मूळचा कार्टर वायएफ, सोलेक्स, किंवा दुसऱ्याच गाडीचा बसेल तो कार्बोरेटर असू शकतो, म्हणून आपल्याकडे कोणता आहे हे आधी ओळखून त्याच्याच मापांनी फ्लोट लावावा. एकदम दाबल्यावर गुदमरण्याचे कारण बहुधा ॲक्सिलरेटर पंपात असते. इंजिन बंद असताना थ्रॉटल उघडताच, विलंब न होता, चिळकांडी सलग आली पाहिजे. आधी हवा आणि मग पेट्रोल येत असेल तर पडदा किंवा त्याखालची गोळी दोषी आहे. नवे किट घातले म्हणून हा पडदा चांगलाच आहे असे समजू नये. बाजारातल्या स्वस्त किटमधले पडदे इथेनॉलमध्ये फार टिकत नाहीत.

चढावरच्या दमाबाबत एक चाचणी फुकट होते. रस्ता मोकळा असताना, चढावर पेडल दाबलेले असताना, चोकचे बटण किंचित ओढावे. गाडीने जोर धरला तर मिश्रण पातळ आहे: जेट तुंबला आहे, फ्लोटची पातळी खाली आहे किंवा पेट्रोल कमी येते आहे. गाडी आणखी बसली तर मिश्रण आधीच पुरेसे किंवा जास्त दाट आहे. काहीच फरक पडला नाही तर पुन्हा कॉम्प्रेशन आणि ॲडव्हान्सकडे वळावे. जेट साफ करताना तार घालू नये, हवेनेच फुंकावा. तारेने भोक मोठे होते आणि मग कुठलाच हिशेब जुळत नाही. थ्रॉटलचा स्पिंडल हाताने वरखाली हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी आयडलिंग स्थिर होणार नाही, आणि तिथेही लेथवर बुश घालणे हा नव्या, नकली कार्बोरेटरपेक्षा चांगला उपाय आहे.

आपल्या गाडीपुरते सांगायचे तर येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, बाजूचे झाकण उघडून एक्झॉस्टचे चारही गॅप आहेत तसे आधी लिहून घ्यावेत आणि मगच लावावेत. त्यानंतर रोटर वळवून पाहावा, इंजिन गरम करून कॉम्प्रेशन घ्यावे आणि शेवटी चढावर चोकची चाचणी करावी. दोन सिलिंडर नव्वदच्या खाली असतील तर हेड उतरवण्याची तयारी ठेवा. चारही शंभराच्या वर आणि सारखे असतील, रोटर मोकळा असेल आणि चोक ओढल्यावर गाडी जोर धरत असेल, तरच मुख्य जेट एका मापाने वाढवून पाहण्याचा विचार करावा, आणि तसा बदल केल्यावर एक लांब चढ चढून, सुरक्षित जागी लगेच इंजिन बंद करून, प्लगचा रंग पाहावा: पांढरा फटक असेल तर अजून पातळ, कोरडी काजळी असेल तर दाट, आणि फिकट तपकिरी असेल तर तो जेट तसाच राहू द्यावा.